सोळातले पाच कुठे गेले?

चार टीबीच्या (टेराबाइटच्या) चार डिस्क नासमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यात खोचल्या, रेड ५ (सगळ्या डिस्क एकत्र बांधून एक मेली तरी डेटा वाचवायची पद्धत) निवडलं आणि पडद्यावर उमटलं: १०.९ टीबी. पैसे सोळाचे मोजले होते. जीएसटीही सोळावरच.

नेमके वरच्या मजल्यावरचे काका चहाला आलेले. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला माणूस.

"सोळातले पाच कुठे गेले?"

"काका, चार टीबी पॅरिटीत जातात, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायच्या जादा हिशेबात. एखादी डिस्क मेली तर उरलेल्या तिघींवरून तिचा डेटा परत काढता येतो."

"म्हणजे चौथी रिकामी?"

"नाही, पॅरिटी चारही डिस्कवर थोडी थोडी पसरलेली असते."

"म्हणजे भेसळ नेमकी कुठल्या डब्यात, तेही सांगता यायचं नाही! बरं, राहिले बारा. वरचे एक पूर्णांक एक?"

डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, माझा लॅपटॉप १०२४ च्या. किलोबाइटला फरक शेकडा अडीचही नाही, पण टेरापर्यंत चढत चढत नऊ होतो. १०२४ वाल्यांसाठी १९९८ साली टेबिबाइट असं वेगळं एकक ठरवून दिलंय. विंडोज मात्र अजून टीबीच लिहितं.

"शेकडा नऊ?" काकांनी बशी खाली ठेवली. "अरे, रॉकेलचं माप इतकं कमी भरलं असतं तर जागच्या जागी जप्त केलं असतं मी!" मग एका दुकानदाराने मापाच्या बुडाला आतल्या बाजूने पोचा कसा पाडला होता, तो पंचनाम्यासह अख्खा किस्सा. तो संपल्यावर त्यांनी डिस्कचं खोकं मागितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि ते डोळ्यांशी नेलं. बुडाशी बारीक अक्षरात होतं: एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट.

"छापलंय. सुटला लेकाचा." मला वाटतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. "मग एक आठची लाव की."

"लावली तरी हिशेब सगळ्यात लहान डिस्कचाच. वरचे चार वाया."

आणि खरी चीड पुढेच आहे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे ज्ञान लोक तुम्हाला बिल फाडल्यावरच देतात. चुकून फोल्डर उडवलं तर चारही डिस्क एकदिलाने ते उडवतात. म्हणजे हे सगळं ठेवायला आता बाहेरून बारा टीबीची आणखी एक डिस्क आणा. तीही भरणार १०.९.

"चला," काका कप पुढे करत म्हणाले, "तेवढं तरी माप जुळलं."