दुःखाच्या पाच पायऱ्या कोणी ठरवल्या?

घरात मृत्यू झाला की सांत्वनाच्या संदेशांबरोबर एक लांबलचक मजकूरही हल्ली हमखास येतो. त्याचा आशय असा : नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार हे दुःखाचे पाच टप्पे विज्ञानाने सिद्ध केले असून प्रत्येकाला ते याच क्रमाने पार करावे लागतात, जो रडत नाही त्याचे दुःख आत साचते आणि पुढे आजार होऊन बाहेर पडते, स्वीकार म्हणजे गेलेल्या माणसाला मनातून सोडून देणे, आणि वर्षभरात हे जमले नाही तर तो मानसिक आजार समजावा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पाच टप्प्यांचे मूळ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंच्या १९६९ सालच्या पुस्तकात आहे. त्यासाठी शिकागोत त्यांनी ज्यांच्याशी संवाद साधला ते मागे राहिलेले नातेवाईक नव्हते, तर स्वतःचाच मृत्यू समोर दिसत असलेले रुग्ण होते. ही गोष्ट मजकुरात कधीच नसते. अशा रुग्णाची घासाघीस समजण्यासारखी आहे. मुलीचे लग्न होईपर्यंत तरी जगू दे, असे साकडे तो देवाला घालतो. माणूस गेल्यावर मागे उरलेल्याने कशासाठी घासाघीस करायची? पुढे बाईंनीही हे टप्पे शोकाला लावले हे खरे. मात्र त्यांच्या निधनानंतर २००५ साली आलेल्या सहलेखनाच्या पुस्तकात, टप्प्यांचा फार चुकीचा अर्थ लावला गेला, अशी स्पष्ट कबुली आहे.

सिद्धतेचा दाखला म्हणून येल विद्यापीठातील संशोधकांचा २००७ सालचा, २३३ शोकग्रस्तांचा अभ्यास पुढे केला जातो. त्यात निरनिराळ्या भावनांचे उच्चांक साधारणपणे अपेक्षित क्रमाने आले होते, हे मान्य करायला हवे. पण त्याच आकडेवारीत स्वीकार हा शेवटी उगवणारा नव्हे, तर सुरुवातीपासून सर्वाधिक आढळणारा भाव होता, आणि क्लेशदायक भावनांमध्ये राग किंवा नैराश्यापेक्षा गेलेल्या माणसाची ओढच अधिक प्रबळ होती. या ओढीला मूळ पाच टप्प्यांत स्थानच नाही. शिवाय तो अभ्यास नैसर्गिक मृत्यूंपुरता होता. अपघातात तरुण मुलगा गमावलेल्या आईला त्याचे वेळापत्रक लावणे निव्वळ अन्याय आहे.

न रडणाऱ्याविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण त्याने माणूस दुःखी तर होतोच, वर संशयितही ठरतो. मर्तिकाच्या घरी कोरड्या डोळ्यांनी चहाचे आधण ठेवणाऱ्या सुनेविषयी काय कुजबुजले जाते, ते सर्वांना ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील वयस्क जोडप्यांची माहिती जोडीदाराच्या मृत्यूच्या आधीपासून नोंदवून २००२ साली निष्कर्ष मांडले. जोडीदार गमावलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे मृत्यूपूर्वी, तसेच नंतरच्या दीड वर्षातही कमीच राहिली, आणि दाबलेले दुःख मागाहून उफाळल्याची उदाहरणे फारच थोडी निघाली. ही माणसे दुःख करतच नव्हती असे नाही. ती दुःख करीत होती आणि दैनंदिन व्यवहारही चालवीत होती.

मनातून सोडून देण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मृताशी असलेले नाते बदलत्या रूपात टिकणे ही बहुतेकांच्या बाबतीत स्वाभाविक गोष्ट आहे, असे पाश्चात्त्य संशोधक १९९६ च्या सुमारास ठामपणे मांडू लागले. आपल्याकडे वर्षश्राद्ध, पितृपक्षातले पान, देवघरातले पूर्वजांचे टाक आणि नातवाला ठेवलेले आजोबांचे नाव यांतून हे नाते कधीपासून राखले जात आहे. (दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तर गेलेल्याची कोणती इच्छा राहिली याची चर्चा करणारी मंडळीच हा मजकूर पुढे पाठवतात, ही गंमत वेगळीच.)

उरले वर्षाच्या मुदतीचे विधान. यात सत्याचा अंश आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकाळ चालणाऱ्या शोकविकाराची स्वतंत्र नोंद असून त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ सालच्या निकषांत प्रौढांसाठी ही मुदत बारा महिने आहे. परंतु केवळ मुदत उलटली म्हणून निदान होत नाही. तीव्र ओढ किंवा मृताविषयीचे विचार सतत व्यापून राहणे, त्यामुळे काम, नाती आणि स्वतःची देखभाल कोलमडणे, आणि हे सारे त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे अधिक असणे, हे पाहावे लागते. पहिल्या दिवाळीला किंवा तिसऱ्या वर्षीच्या वाढदिवसाला रडू येणे यात बसत नाही. उलट, जगणेच नको असे विचार येत असतील तर सहा महिने कशाला, दुसऱ्या आठवड्यातही थांबू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.