प्रांताला नाव आहे, भाषेला घर नाही

फिलिपिन्स म्हटलं की आपल्याला टागालोग आणि इंग्रजी, एवढंच माहीत असतं. पण लुझोन बेटावर, लिंगायेनच्या आखाताला लागून पांगासिनान नावाचा प्रांत आहे आणि त्याच नावाची भाषाही. ही टागालोगची बोली नव्हे बरं का! तिचं जवळचं नातं बेंगेटच्या डोंगरातल्या इबालोईशी.

प्रांताची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ३१ लाखांच्या पुढे गेली. गंमत अशी, की स्वतःला पांगासिनेन्स म्हणवणारे यातले कितीतरी लोक घरात इलोकानो बोलतात. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून इलोकानो शेतकरी जमिनीच्या शोधात आले आणि प्रांताच्या पूर्व-पश्चिम भागांत त्यांचीच भाषा रुजली. पांगासिनान उरली ती मुख्यतः मधल्या पट्ट्यात: दागुपान, सान कार्लोस, मालासिकी, मांगालदान. कार्लोस बुलोसान आणि सिओनिल होसे हे जगभर वाचले गेलेले लेखक याच प्रांतातले, पण दोघेही इलोकानो घरांतले. शिवाय लिहिलं इंग्रजीत.

तरी मी इलोकानोंना दोष देणार नाही. शेजारी राहायला आला म्हणून भाषा मरत नसते, गळती घरातूनच लागते.

आमच्या दुबईच्या ऑफिसात दागुपानची एक बाई आहे. बांगुस मासा खाईल तर दागुपानचाच, बाकीच्यांना नाकं मुरडते. आईशी फोनवर पांगासिनान, आणि त्याच कॉलवर मुलगा आला की गाडी टागालोगवर. विचारलं तर म्हणाली, त्याला कळतं सगळं, बोलता येत नाही. इंदूरची माझी मावसभावंडं त्यांच्या पोरांबद्दल हुबेहूब हेच सांगतात.

सरकारी पातळीवर उत्सव जोरात. लिंगायेनला समुद्राचा 'पिस्ताय दायात', ५ एप्रिलला प्रांताचा 'आगेव ना पांगासिनान'. नावं अगदी अस्सल! नाव द्यायला काय जातंय?

शाळेत मात्र उलटं झालं. २०१२ पासून तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायचं धोरण होतं आणि पांगासिनान त्या यादीत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या कायद्याने ती सक्ती काढून टाकली. राष्ट्राध्यक्षांनी सहीसुद्धा केली नाही, मुदत उलटली आणि आपोआप कायदा झाला. (त्याच महिन्यात आपण अभिजात दर्जाचे पेढे वाटत होतो.) आता मातृभाषेतून वर्ग चालवायचा, तर वर्गातली सगळी मुलं एकाच भाषेची हवीत. दागुपानसारख्या बाजारपेठेच्या शहरात असा वर्ग आणायचा कुठून? अट घालणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, असं मला तरी वाटत नाही.