विंडोज १० वाला कॉम्प्युटर भंगारात घालायची घाई करू नका

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय आणि त्यापायी मामांनी चांगला चालता कॉम्प्युटर एक्सचेंजमध्ये द्यायचं ठरवलंय. त्यात लिहिलंय की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० बंद झालं, आता त्यावर नेटबँकिंग केलं की खातं साफ, म्हणून जुनं मशीन आजच काढा, मॅक घ्या कारण मॅकला व्हायरस येतच नाही, आणि लिनक्स या विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमच्या नादी लागू नका, ते हॅकर लोकांचं. खाली 'आयटीतल्या मित्राकडून'. कोण हा मित्र देव जाणे.

पहिलं म्हणजे त्या तारखेला संपला तो सपोर्ट. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पेजवर सरळ लिहिलंय की कॉम्प्युटर पुढेही चालत राहणार, फक्त नेहमीचे फुकट सिक्युरिटी अपडेट आणि टेक्निकल मदत थांबणार. आता अपडेट नसलेल्या मशीनवर वर्षानुवर्षं बँकेचे व्यवहार करू नयेत हे खरंच आहे, फॉरवर्डमधलं तेवढं मानतो. पण या मित्राने पुढचं खाल्लं ना! घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात, ईएसयू म्हणतात त्याला. ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू करा, मग एक पैसा लागत नाही. विंडोज १० चं २२एच२ हे व्हर्जन पाहिजे, आणि सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की तिथेच एनरोल करायची लिंक असते. संपला विषय.

डोकं फिरतं ते 'आजच काढा' वाचून. अहो, ज्या डिस्कवर पॅन, आधार, पासबुकाचे स्कॅन, मामींच्या मेडिक्लेमची कागदं आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आहेत ती डिस्क हॅकरच्या भीतीने अनोळखी दुकानदाराच्या हातात देणार? चोराच्या धाकाने तिजोरीच रस्त्यावर नेऊन ठेवायची! रिसायकल बिन रिकामी केली म्हणजे फाइल गेली असं नसतं, साध्या हार्ड डिस्कवरून ती परत काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मशीन द्यायचंच असेल तर डिस्क काढून घरी ठेवा, नाहीतर 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घेऊन 'क्लीन डेटा' चालू करा. त्याला तासन् तास लागतात, लागू देत. दुकानदार म्हणेल आम्ही करतो, तर नाही म्हणायचं.

मॅकचं म्हणाल तर २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या ट्रोजनने, म्हणजे साध्या प्रोग्रामचं सोंग घेऊन घुसणाऱ्या घातक प्रोग्रामने, सहा लाखांवर मॅक धरले होते. ॲपल स्वतःच प्रत्येक मॅकमध्ये असलं मालवेअर पकडायला एक्सप्रोटेक्ट घालून देतं, ते काय शोभेला? सपोर्टही तिकडे संपतोच, इंटेल चिपवाल्या मॅकना मॅकओएस टाहो हे शेवटचं व्हर्जन, असं ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकलंय. मशीन वाईट नाही हं, मॅकबुक एअरची बॅटरी झकास आणि पंख्याची घरघर नाही कारण पंखाच नाही. पण मामा सोसायटीचे हिशेब टॅलीत ठेवतात आणि टॅली विंडोजचं आहे, मॅकवर ते थेट बसत नाही, मग लाखाच्या आसपास घालवून वर परत विंडोजची सोय करत बसा.

विंडोज ११ चा प्रश्न राहिला. त्याला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची सोय आणि साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा इंटेल प्रोसेसर लागतो, मामांचा सातवीतला आहे, म्हणजे नाहीच.

आणि लिनक्स हॅकरांचं? केरळच्या सरकारी शाळांतली पोरं त्याच्यावर शिकतात, आणि मामांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचंच कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आहे. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही मिळतो. टॅलीची अडचण मात्र तिथेही आहेच, तेव्हा मामांनी ईएसयू घेऊन गप्प बसावं. ज्यांना फक्त ब्राउझर, यूट्यूब आणि पत्रं टाइप करायचीत त्यांनी लिनक्स मिंट हा लिनक्सचाच एक प्रकार पेनड्राइव्हवर टाकून, इन्स्टॉल न करता चालू करून बघावं, वायफाय लागतंय का आणि प्रिंटर कुरकुर करतोय का एवढं तपासावं, आणि मगच काय ते ठरवावं.