१२ व्होल्टच्या गार्डन लाइटबद्दल खुलासा

"गेटपासून पोर्चपर्यंतच्या लाइट १२ व्होल्टच्या घ्या, शॉकचं टेन्शनच नाही, पावसातही कुठेही लावा" असा मेसेज फिरतोय, तो अर्धाच खरा आहे. १२ व्होल्ट फक्त ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, त्याच्यात येतात ते घरातले २३० व्होल्टच ना! मुंबईत जुलैमध्ये कंपाउंडमध्ये पाणी कुठवर चढतं ते आपल्याला माहितीये, म्हणून ट्रान्सफॉर्मर भिंतीवर उंच, वॉटरप्रूफ बॉक्समध्ये, आणि त्याच्या २३० व्होल्टच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन लगेच तोडणारा स्विच) हवाच, प्लीज यात पैसे वाचवू नका.

आणि शेवटचे दिवे मंद म्हणजे माल डुप्लिकेट, हेही दरवेळी खरं नाही, ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, सगळा लोड २० मीटरवर असेल तर दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमध्येच साधारण अडीच व्होल्ट जातात, वायर जाड टाका.