पैसे घेतले, मग पॉलिसी बंद कशी?

"मॅडम, तुमची पॉलिसी लॅप्स झालीय." अकरा वेळा ऐकलं हे वाक्य! अहो, घराच्या विम्याच्या रिन्यूअलचे पैसे ४ जूनला खात्यातून गेलेत. पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स तीनदा दिली, तिच्यावर तुमच्याच ऑफिसचा शिक्का आहे. तरी फोन लावला की नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं. रंगाचे दोन हात दिले तरी भिंतीवर छातीइतक्या उंचीचा तो मातकट पट्टा अजून उमटतो. म्हणून तर घराचा विमा उतरवला. यंदा वाऱ्याने मागची कौलं उडाली, तर म्हणे रिन्यूअल सिस्टीमला दिसत नाही. मग पैसे कुणाला दिसले?

आधी प्रीमियम, मगच कंपनीवर जोखीम, असं १९३८चा विमा कायदा सांगतो. भरला ना आम्ही आधी? पॉलिसी बंद होतेय म्हणून एक एसएमएस नाही, पत्र नाही. नवी पॉलिसी विकायला मात्र दिवसाला चार फोन!

आता लेखी तक्रार दिलीय, पोच घेतलीय. महिनाभरात उत्तर आलं नाही की विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाणार. तिथे फी नाही, वकील लागत नाही. बाबा पंचाहत्तरीचे आहेत, ताडपत्रीखाली बादल्या सरकवत रात्र काढतात. त्यांना अजून किती फेऱ्या मारायला लावणार आहात?