गाण्याने गप्प बसावं?

सामाजिक आशय शिरला की गाण्याचं भाषण होतं, कलाकाराने राजकारणात पडू नये. पुण्या-मुंबईतला हा वाद दर काही महिन्यांनी इथे अमेरिकेत, डेट्रॉइटपर्यंत पोचतो आणि दर वेळी चीड येते. अमर शेख, अण्णा भाऊ जिथे गायले, तिथून हे ऐकायचं!

इथल्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचा मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ अजून उभा आहे. जून १९७० मध्ये गायक मार्विन गेने तिथे 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. कल्पना फोर टॉप्स या गायकगटातल्या ओबी बेन्सनची. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पोलिसांनी तरुणांना झोडपताना त्याने पाहिलं होतं. गेचा भाऊ व्हिएतनामहून परतलेला. कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांनाही असलं गाणं नकोच होतं. जानेवारी १९७१ मध्ये ते बाहेर पडलं, धडाक्यात खपलं, तेव्हा कुठे मे महिन्यात त्याच नावाचा अख्खा अल्बम आला.

आणि त्यात भाषण कुठे आहे? आवाज चढतच नाही. सुरुवातीचा एली फाँटेनचा आल्टो सॅक्सोफोन हात मोकळा करताना वाजवलेला; गेने तोच ठेवला. मुख्य गायनाचे दोन टेक तुलनेसाठी एका टेपवर घेतले होते, ते चुकून एकदम वाजले, तेही ठेवले. त्यामुळे एकच माणूस स्वतःलाच हुंकार देत गातोय असं वाटतं. खाली जेम्स जेमर्सनची बेस गिटार हिंडत राहते, मेजर सेव्हन्थ हे मऊ वाजणारे कॉर्ड रागाला धार येऊ देत नाहीत. अल्बममधलं युद्ध, बेकारी, पाऱ्याने विषारी झालेले मासे, एवढं सगळं तीन-तीन मिनिटांच्या सुट्या गाण्यांत मावेना, म्हणून पहिल्या बाजूची सहा गाणी न थांबता एकमेकांत उतरतात. (फोनवर शफल लावलंत तर ही वीण उसवते.) संगीत वाढलं ते आशयामुळेच. मोटाउनने वादकांची नावं कव्हरवर प्रथम छापली तीही याच अल्बमवर, आणि त्याच सुमारास मोटाउनचाच गायक स्टीव्ही वंडर यानेही आपल्या संगीतावरचा ताबा कंपनीकडून मिळवला.

१९७२ मध्ये मुंबईतल्या दलित तरुणांनी 'पँथर' हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्याच ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडून. त्या तरुणांना डेट्रॉइट परकं वाटलं नसतं. आम्ही इथल्या मराठी माणसांनी मात्र नोव्हाय, ट्रॉय या उपनगरांत घरं घेतली. मंडळाच्या कार्यक्रमात भावगीतं ठेवतो, शाहिरी क्वचित. 'राजकारण नको' हे आम्हीही म्हणतो. अल्बममधल्या शेवटच्या 'इनर सिटी ब्लूज'च्या अखेरीस पहिल्या गाण्याची धून परत येते. लॉज फ्रीवेवरून ते शहर ओलांडताना आम्ही ती काचा वर करून ऐकतो.