एफ-वन दाब म्हणे, आणि कीबोर्ड बंद!

परत लाईट गेली, परत आली, आणि स्क्रीनवर परत तेच: 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. प्रेस एफ-वन टू कंटिन्यू.' म्हणजे आमची सेटिंग पुसली, मूळची परत आली, पुढे जायला एफ-वन दाबा. कशाने दाबू? या बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, डिफॉल्टमध्ये यूएसबी कीबोर्डच बंद आहे! आधी स्वतःच कीबोर्ड मारायचा आणि मग बटण दाबायला सांगायचं. हे ज्याने ठरवलं त्याला इंदूरच्या जूनमध्ये पंखा बंद करून या खुर्चीवर बसवायला हवं.

मशीन बाबांचं. रामबागेतल्या घरी पुढच्या खोलीत त्यांचं डीटीपी चालतं, लग्न-मुंजीच्या पत्रिका वगैरे. विंडोज एक्सपी, जुने मराठी फाँट, पॅरलल पोर्टचं (जुन्या प्रिंटरच्या खाचेत बसणारं) डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली. नव्या कॉम्प्युटरवर यातलं काहीही चढत नाही, तेव्हा 'नवीन घ्या ना' हा सल्ला कृपया स्वतःजवळच ठेवा.

माळ्यावरून जुना, गोल पिनेचा पीएस-टू कीबोर्ड काढला आणि बायोसच्या सेटिंगमध्ये शिरले. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा, म्हणजे डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर नसतो. इन्स्टॉल करताना एफ-सिक्स दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागायचा. फ्लॉपी कोणाकडे होती? म्हणून साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीईवर ठेवलेला. डिफॉल्ट मात्र एएचसीआय. म्हणजे दरवेळी विंडोज अर्धं चढतं, निळा स्क्रीन, शेवटी ७बी, म्हणजे विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. डिस्क धडधाकट फिरतेय, आणि इकडे बाबांचा चेहरा उतरलेला: "डिस्क गेली का गं?"

मोड बदलला, तर म्हणे ऑपरेटिंग सिस्टीमच नाही! कारण 'फर्स्ट बूट डिव्हाइस: हार्ड डिस्क', पण दोनातली कोणती, ते भलत्याच पानावर. तिथे जुनी ४० जीबीची, नुसत्या फाइलींची डिस्क वर जाऊन बसलेली.

आणि तो अ‍ॅक्सेस मोड, डिस्कवरची जागा मोजायची पद्धत! ऑटो, सीएचएस, एलबीए, लार्ज. लार्ज म्हणजे काय? उजवीकडे 'आयटम हेल्प' अशी ऐटदार चौकट आहे, तिच्यात लिहिलंय काय, तर 'मेन्यू लेव्हल'. बस. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट, सीएचएसच्या या जुन्या हिशेबात जेमतेम ५२८ एमबी मावतात. विंडोजच्या १६० जीबीच्या डिस्कपुढे तो पर्याय ठेवलाच कशाला?

मूळ दुखणं ती ३ व्होल्टची बटण बॅटरी, सीआर२०३२. भिंतीतून वीज येते तोवर सेटिंग टिकतात, लाईट गेली की भार तिच्यावर. आर. एन. टी. मार्गावरच्या एका दुकानातून नवी आणली. मीटर लावला तर अडीचसुद्धा दाखवेना. परत गेले तर, "भिया से बोलो ना, नया सिस्टम ले लें." बॅटरीबद्दल चकार शब्द नाही!

बरं, खुद्द बायोसचा प्रोग्राम फ्लॅश चिपमध्ये असतो, त्याला बॅटरी लागत नाही. तो वर्षानुवर्षं विसरत नाही. मग चार ओळींची सेटिंगच तेवढी या टिकलीएवढ्या बॅटरीच्या भरवशावर का?

शेवटी बाबांनी मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवलाय: 'साटा – आयडीई करणे. १६० वर घेणे. यूएसबी कीबोर्ड चालू. एफ-टेन, मग वाय.' (शेवटचं सेव्ह करायला.) एवढं त्या रिकाम्या चौकटीत लिहायला काय जड जात होतं?